सुख दुखतंय

तो फळीवरच्या बशा काढायला गेला, एवढंच झालं. रविवारची दुपार होती. अरुंद स्वयंपाकघरात चार माणसं दाटीवाटीनं उभी होती, ओट्यावर धाकट्या नणंदेनं आणलेला केक होता आणि त्यावर साखरेच्या गुलाबी अक्षरांत ‘एक वर्ष’ असं लिहिलेलं होतं. बशा वरच्या फळीवर, फळी तिच्या डोक्यामागे. आणि तिला ‘सरक जरा’ म्हणण्याऐवजी नवऱ्यानं तिच्यावरूनच उजवा हात वर नेला. पुढचं तिनं केलं नाही, तिच्या अंगानं केलं. गुडघे वाकले, हनुवटी छातीत रुतली, दोन्ही हात डोक्यावर आले, आणि डावं कोपर कानाला चिकटून ढालीसारखं पुढे आलं, कारण समोरच्याचा उजवा हात डाव्याच कानावर बसतो. कोपराखालून तिला त्याचे पाय दिसत होते, धुतलेल्या चपला, नीट कापलेली नखं. ते पाय हलले नाहीत. मग नणंद हसली. वाईट नव्हतं ते हसणं, अवघडलेलं होतं, पण हसतच ती म्हणाली, “अगं वहिनी, अजून?”

अजून. जणू पाहुणे कधीच घरी गेले आणि ही मात्र दाराशी हात हलवत उभी. ती सरळ झाली, पदर नीट केला, काहीतरी पडलं होतं ते उचलत होते असं म्हणाली आणि खरंच खाली बघितलं; फरशी लख्ख होती, त्यानंच सकाळी पुसली होती. तो बशी हातात धरून म्हणाला, “सॉरी. सांगायला हवं होतं मी, हात वर नेतोय म्हणून.” एकोणीस वर्षांची लेक खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिला सगळे खारू म्हणत. लहानपणी ती कुठल्याही सांदीत शिरून बसायची, पलंगाखाली, कपाटामागे, एकदा तर धुण्याच्या टोपलीत, आणि घरात आलेली माणसं कौतुकानं म्हणायची, खार आहे नुसती. ती का शिरायची हे कुणी विचारलं नाही. केक खारूच्या आईनंच कापला. सुरी मऊ केकमधून सरळ खाली गेली, काही अडलंच नाही, आणि तिच्या मनात आलं की नणंदेच्या गळ्यावर तो तीळ आहे ना, तिथे इतकी सहज जाणार नाही ही, तिथे थोडा जोर लागेल. विचार इतका शांतपणे आला की ती दचकलीही नाही. सगळ्यात मोठा तुकडा तिनं नणंदेलाच दिला.

वर्षभरात त्यानं दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता. हे खरं होतं, त्यात कुठे खोट नव्हती, आणि तेच तर. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दारूपायी दोनदा नोकरी गेली होती. आता जुन्या मालकानं बोलावून घेतलं होतं आणि नवी पोरं हाताखाली दिली होती. सकाळी तो तिच्या आधी उठे, चहा करी, तिच्या कपावर बशी झाकून ठेवी. स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करी. दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्या त्या दारू सोडलेल्यांच्या मंडळात जाई, परत येताना तिच्यासाठी काहीबाही आणी, पेन, रुमाल, एकदा तर चक्क केसांचा कंगवा. आणि बोलताना आवाज असा खाली ठेवी की घरात कुणी आजारी माणूस निजलंय असं वाटावं. शेजारणी जिन्यात थांबवून सांगत, सुटलीस बाई. ती हसे. आणि ती, जी माराच्या सतरा वर्षांत तापानं एक दिवस पडली नव्हती, तिला वर्षभरात काय काय झालं. मानेवर पुरळ उठलं. झोपेत दात इतके कराकरा खाल्ले की दाढेचा कपचा निघाला. केस मुठीनं गेले. दुपारी रिकाम्या घरात बसली की छातीत कुणीतरी पळत सुटल्यासारखं होई. पूर्वी तिला सगळं कळायचं. किल्ली कुलपात कशी फिरते, खोकला कुठल्या मजल्यावर ऐकू येतो, जेवताना ताट किती पुढे ढकललंय, यावरून पुढचे दोन तास कसे जाणार ते ती बिनचूक सांगू शकली असती. मारणाऱ्या माणसाचा अंदाज येतो. या चांगल्या माणसाचा अंदाज कसा घ्यायचा? तो हसला तर का हसला, गप्प बसला तर कशाला गप्प बसला, काही म्हणजे काही कळत नव्हतं. जे होणारच आहे ते होत नव्हतं, आणि रोज होत नव्हतं, आणि त्याची वाट बघून बघून तिच्या पाठीचं लाकूड झालं होतं.

ती एका इस्पितळात एक्स-रे काढायची. तळमजल्यावर, आतल्या बाजूला, जड दाराची खोली. वीस वर्षं ती लोकांची मोडकी हाडं प्लेटवर मांडत आली होती आणि तिचा हात हलका म्हणून सगळे सांगत. केक कापल्याच्या दुसऱ्या दिवशी एक तरुण बाई आली. जिन्यावरून घसरली होती, मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं, आणि तरी तोंड हसरं. “यांनी मला उचलून आणलं हो, तीन मजले! म्हटलं, सोडा, लोक बघतायत, तर ऐकतच नाहीत.” ‘हे’ बाहेर बाकावर बसले होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. तिनं बाईचा हात प्लेटवर ठेवला. दुसऱ्या फोटोसाठी मनगट तिरकं करायचं असतं, हळू, कोपरापासून, वीस वर्षांची सवय. तिनं ते मनगटाला धरून वळवलं. गरजेपेक्षा जास्त, गरजेपेक्षा जोरात, आणि आत काहीतरी सरकल्याचं बोटांना कळल्यावरही अर्धा क्षण सोडलं नाही. बाई किंचाळली. आणि तिला बरं वाटलं. तहानेनं जीव जात असताना पाणी मिळावं तसं बरं वाटलं. सगळं अंग सैल झालं, मानेवरचा ताण उतरला, एक किंकाळी ऐकली आणि जग पुन्हा ओळखीचं झालं. मग घाम फुटला. “सॉरी हं, झालंच आता,” ती म्हणाली, आणि काचेमागे जाऊन बटण दाबताना तिचं बोट दोनदा चुकलं. खोली झाडणारी मावशी दारात उभी होती. तिनं पाहिलं होतं. ती बाई गेल्यावर मावशी केरसुणी भिंतीला टेकवून म्हणाली, “बाई, आज हात जड आहे तुमचा.”

“झोप नाही झाली.”

“झोप मलापण नाही होत. मी नाही पिरगाळत कुणाला.” मावशीनं तोंड आवळलं. मग जवळ आली, आवाज खाली करून म्हणाली, “घरी परत सुरू केलं का त्यांनी?”

“नाही हो. उलट. फार चांगलं चाललंय.”

“मग?”

या ‘मग’चं उत्तर तिनं घरी जाऊन शोधायचं ठरवलं, म्हणजे ठरवलं असं नाही, हातून होत गेलं. त्याच्या पिशवीतला टेस्टर तिनं पिठाच्या डब्यात लपवला. तो सकाळी अर्धा तास शोधत होता, गुडघ्यांवर, पलंगाखाली, आणि ती ओट्याशी पाठ करून उभी होती, मणकान्‌मणका मोजत, आता, आता, आता. तो उठला आणि म्हणाला, “असू दे, कामावर मिळेल दुसरा.” तिनं त्याच्या चहात मीठ घातलं. एक घोट घेऊन तो थांबला, तिच्याकडे बघितलं, आणि हसून म्हणाला, “दमलीस का गं फार?” तिनं मंडळानं त्याला दिलेला कप, ज्यावर तारीख कोरलेली होती, धुताना हातातून सोडला. मुद्दाम, नळाच्या कडेवर. कान तुटला, तडा गेला. त्यानं तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, तिच्या बोटाला लागलं नाही ना ते पाहिलं आणि म्हणाला, “असू दे. कपच आहे.” असू दे. असू दे. सतरा वर्षं एक टॉवेल चुकीच्या खुंटीवर टांगला म्हणून जे झालं त्याचं काय, ते का नाही असू दिलंस? तेव्हा नव्हता का येत हा शब्द? तिला वाटायचं की हा एक गुळगुळीत, धुतलेला, परका माणूस आपल्या घरात शिरलाय आणि त्या दुसऱ्याला, आपल्या ओळखीच्या राक्षसाला, त्यानं कुठे लपवलंय ते सांगत नाहीये. रात्रंदिवस त्याला शोधून तिचे डोळे दुखू लागले. एकदा बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं की आपल्या मुठी आवळलेल्या आहेत आणि आपण ती जागा शोधतोय, कवटी जिथे मानेला मिळते ती, जिथे एकच फटका पुरतो.

शनिवार होता. इस्पितळात दुपारनंतर तिची पाळी होती. खारू बाहेर गेली होती. सकाळचं ऊन फरशीवर पसरलं होतं आणि तो उन्हात बसून हत्यारं पुसत होता; फडक्यावर पाने लहानमोठे ओळीनं मांडलेले, एकेक उचलायचा, तेल लावायचा, परत जागेवर ठेवायचा. शीळ घालत होता. उजवा हात फरशीवर टेकलेला, पालथा, बोटं पसरलेली. डाव्या हातानं तो पुसत होता, कारण उजव्या खांद्यात कळ येते असं म्हणाला होता. ती आतून आली. पाण्याचा तांब्या ठेवायला आली होती. तो वर न बघता म्हणाला, “किती छान चाललंय ना आपलं?”

तिला नंतर आठवत होतं ते असं, की सगळ्यात मोठा पाना तिच्या हातात आला तेव्हा तो उन्हानं कोमट होता. वाकायला वेळ लागला, म्हणजे थांबायला वेळ होता. तिनं दोन्ही हातांनी तो खांद्यावरून मागे नेला आणि पसरलेल्या हातावर आणला. आवाज झाला तो धातूचा नव्हता. ओली काटकी मोडल्यासारखा बारीक, आतला आवाज. वीस वर्षं तो तिनं फोटोंत पाहिला होता, ऐकला पहिल्यांदाच. त्यानं ओरडायला तोंड उघडलं पण हवा आत गेली, बाहेर आली नाही. “बोल!” ती ओरडली. “बोल ना! काय छान चाललंय? कुणाचं छान चाललंय? अरे बोल की!” तिनं त्याला आयुष्यात कधी अरे म्हटलं नव्हतं. पाना पुन्हा वर गेला होता. त्याचं डोकं समोर होतं, विरळ झालेल्या केसांचा भोवरा, त्यातली गुलाबी कातडी, आणि तो हात छातीशी धरून तसाच बसला होता. डोकं झाकत नव्हता. बाजूला होत नव्हता. मारेल तर मारू दे असं बसणं होतं ते. त्यामुळे किंवा कशामुळे तिचे हात सैल पडले, पाना फरशीवर पडला, टाइल फुटली. आणि या सगळ्याच्या तळाशी, धाप, घाम यांच्या खाली, तिला आनंद झालेला होता. नुसता, उघडा, लहान मुलासारखा आनंद. ती गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. त्या आनंदाची तिची तिलाच जितकी भीती वाटली तितकी नवऱ्याच्या मुठींची कधी वाटली नव्हती.

फडकं गुंडाळून दोघं बसनं इस्पितळात गेली, दुसरीकडे कुठे जायचं ते दोघांनाही सुचलं नाही. हाडांचा डॉक्टर तरुण होता, तिच्याशी आदरानं वागणारा. “काय झालं?” “लिफ्टच्या दारात सापडला हात,” नवरा म्हणाला. सफाईनं म्हणाला. डॉक्टरनं मान हलवली, चिठ्ठी लिहिली, आणि मग हसून तिलाच दिली: तोवर तिची पाळी लागली होती, खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतंच. मग तिनं शिशाचा एप्रन चढवला, नवऱ्याला स्टुलावर बसवलं आणि त्याचा हात हातात घेतला. वर्षानुवर्षं तिनं हा हात येताना पाहिला होता, मुठीत, तळव्यात, पंजाच्या कडेनं. असा पडलेला कधी बघितला नव्हता. सुजून तो कुणाचाही झाला होता. तिनं तो कोपरापासून हळूच वळवला. “हलू नका,” ती म्हणाली, पेशंटला म्हणावं तसं, आणि काचेमागे गेली.

डॉक्टर पडद्याजवळ आला. मधल्या बोटाचं आणि त्याच्या शेजारच्याचं, अशी तळहातातली दोन हाडं मोडली होती, स्वच्छ. “प्लास्टरवर भागेल,” तो म्हणाला. मग पेन करंगळीच्या मुळाशी नेऊन थांबला. तिथे हाड किंचित वाकून जुळलं होतं. “हे मात्र जुनं आहे. कधी ठोसा-बिसा मारला होतात का कशावर? इथलं हाड बहुतेक ठोशानंच मोडतं.”

नवऱ्यानं आठवून बघितलं. प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून. “नाही हो. सातेक वर्षांपूर्वी जिन्यात पडलो होतो. तेव्हाचं असेल.”

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो चेहरा वाचण्यात तिचा हात धरणारं जगात कुणी नव्हतं. पापणी कुठे फडफडते, जबडा कधी आवळतो, खोटं बोलताना खालचा ओठ कसा ओला होतो. काही नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. आणि ते वाक्य तर तिचंच होतं. सात वर्षांपूर्वी, भर दुपारी, खारूला ताप होता आणि ती आतल्या खोलीत गाढ झोपली होती. त्यानं रेडिओ मोठा केला, तिनं तो बारीक केला, एवढंच. पहिल्या फटक्यात तिचा ओठ फाटला. दुसरा येताना ती खाली बसली आणि मूठ दाराच्या चौकटीवर गेली. तो गुरासारखा ओरडला. त्याही वेळी तिला आधी लेक जागी होईल याचीच काळजी. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन त्यानं विचारलं, हाताला काय झालं? तेव्हा फाटक्या ओठानं, बर्फाची पिशवी त्याच्या हातावर धरून, तिनं सांगितलं होतं, जिन्यात पडलात तुम्ही. आणि तुझ्या तोंडाला? मी तुम्हाला उचलताना पायरीच्या कडेवर आपटले. तो बरं म्हणाला होता. आणि ते त्याचं झालं होतं. ती उभी होती तिथे तिच्या पायाखालून काहीतरी निघून गेलं. इतका चांगला, इतका हलका तो कसा होऊ शकला, त्याचं हे उत्तर होतं. दारूच्या धुंदीत केलेलं ते त्याच्या आठवणीतच नव्हतं. त्यानं ते सोडलं नव्हतं की त्याच्याशी भांडला नव्हता, ते त्याच्यापाशी कधी पोचलंच नव्हतं. सतरा वर्षं त्या घरात ती एकटीच राहिली होती.

“जिन्यात नव्हते पडले,” ती म्हणाली.

डॉक्टरनं वळून पाहिलं.

“दाराच्या चौकटीवर लागला तो ठोसा. माझ्यासाठी होता, मी वाकले. आणि आजचं लिफ्टच्या दारानं झालेलं नाही. मी मारलं. पान्यानं.”

डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा आदर कुठे जावं ते न कळून तिथेच घोटाळला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पडद्याकडे बघितलं. तिथे निदान हाडंच होती. “सहा आठवडे प्लास्टर,” तो म्हणाला. मग, “मॅडम, तुम्ही बसा. पाणी घ्या. आज पाळी दुसऱ्या कुणाला सांगतो मी.” नवरा तिच्याकडे असा बघत होता की जणू तिनं परक्या माणसाविषयी काही सांगितलं आणि तो परका माणूस आपल्याच नावाला ओ देतो आहे.

घरी आल्यावर तो पलंगाच्या कडेला बसला, प्लास्टर मांडीवर. “आणखी काय काय आहे, जे मला माहीत नाही?” त्यानं विचारलं. “सांग. सगळं सांग मला.” आणि तिनं सांगितलं. तुम्ही म्हणून सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात तू झालं, मग ते परत वळलं नाही. तू माझं डोकं पाण्याच्या बादलीत धरलं होतंस, ते आठवतं? नाही. तू खारूच्या वाढदिवसाला पोरं घरात असताना माझ्या पोटात लाथ घातलीस आणि मी हसले, कारण पोरं बघत होती, ते? नाही. माझ्या डाव्या कानानं कमी ऐकू येतं, तुला वाटतं मी लक्ष देत नाही. तू चटका दिला होतास, इथे, बघ, इस्त्रीचा, आणि म्हणालास आता ओरड, आणि मी ओरडले नाही म्हणून परत. तुझ्या बहिणीला माहीत आहे, तिनंच मलम आणून दिलं. मी दोनदा तू झोपलेला असताना तुझ्या तोंडावर उशी धरून उभी राहिले. टेकवली नाही. दोनदा. हेही तुला माहीत नाही. तिला वाटलं होतं सांगताना आपण रडू. रडली नाही, आवाज उलट भरत गेला, तिच्या कानांना तो अनोळखी वाटला, कोरडा आणि मोठा. ऊन फरशीवरून सरकत फुटक्या टाइलपर्यंत गेलं. त्याचा रंग उतरत गेला. मध्येच उठून तो मोरीत ओकून आला आणि परत तिथेच बसला. शेवटी तो कोसळलाच, खाली बसून त्यानं तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि हुंदके द्यायला लागला, मोठ्यानं, लाज सोडून, “मी असा होतो? मी असा होतो गं?” आणि तिचा हात उठला आणि त्याच्या पाठीवरून फिरायला लागला. उगी, उगी. झालं ते झालं. ते शब्द तिच्या जिभेवर आलेसुद्धा. तेव्हा तिनं आपल्या हाताकडे बघितलं. आताही. म्हणजे आताही तिलाच. त्यानं मारायचं आणि तिनं बर्फ लावायचा, त्याला कळायचं आणि तिनं गोंजारायचं. तो दारू सोडेल, रडेल, देवमाणूस होईल, आणि दर खेपेला त्याला उचलायला हीच. तिनं हात काढून घेतला.

“ऊठ,” ती म्हणाली. “माझ्या अंगावर रडू नकोस.”

इस्पितळाच्या आवारात कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या. मावशीच्या शेजारची एक रिकामी होती, चौथ्या मजल्यावर. तिनं अर्ज दिला आणि आठवड्यात किल्ली मिळाली. मधल्या त्या आठवड्यात ती दोघं एकमेकांना वाट देत घरात वावरली. जायच्या आदल्या दिवशी तिनं सांगितलं तेव्हा तो डाव्या हातानं शर्टाचं बटण लावायची खटपट करत होता.

“आता?” तो म्हणाला. “इतकी वर्षं काढलीस, आणि आता? आता तर सगळं नीट झालंय.”

“म्हणूनच.”

“मी परत कधी हात उचलणार नाही. तुला माहीत आहे.”

“तू नाही. मी उचलेन.” ती त्याच्याजवळ गेली आणि त्याचं बटण लावलं नाही, नुसती उभी राहिली. “एकदा मारलं की हात शिकतो. तुला आठवत नाही, पण तुझाही असाच शिकला होता. मी इथे राहिले तर तुझं डोकं फोडीन एक दिवस. तू बसून राहशील, आणि मी फोडीन.”

नणंद फोनवर आली. सगळं ऐकता ऐकता तिचा आवाज चढला. “लोकांचे नवरे सुधारत नाहीत म्हणून लोक रडतात. माझा भाऊ सोन्यासारखा झालाय, तर तू त्याचा हात मोडतेस आणि वर घर सोडून निघतेस! तुझं ना वहिनी, सुख दुखतंय.”

“हो,” ती म्हणाली. “दुखतंय.” आणि तिनं फोन ठेवला.

खारूशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. ती बापाजवळ राहणार होती, प्लास्टर निघेपर्यंत तरी. कुणीतरी हवं, म्हणाली. ती आईची बॅग भरून द्यायला आली आणि साड्यांच्या घड्या करता करता तिनं एक साडी पलंगावर आपटली. “मार खात होतीस तेव्हा नाही गेलीस. मी देवाला म्हणायचे, आईला सुचू दे, आज जाऊ आम्ही. तेव्हा नाही. आणि आता बाबा शहाण्यासारखे वागतायत तर चाललीस. मला तेव्हा का नाही नेलंस?” तिला पोरीचं मनगट दिसलं, सडपातळ. “तेव्हा वेळच नव्हता गं,” ती म्हणाली. “सगळा वेळ घाबरण्यात जायचा.” खारूनं तिच्याकडे बघितलं. मग ती खाली बसली, आणि एवढी मोठी मुलगी, पलंग आणि कपाट यांच्या मधल्या जागेत अंग चोरून बसली आणि आपटलेल्या साडीची घडी पुन्हा घालायला लागली. आईही तिच्याशेजारी फरशीवर बसली. दोघींनी मिळून ती बॅग भरली.

नव्या खोलीत पहिले काही दिवस तिला काहीच बरं वाटलं नाही. ती बारा-बारा तास झोपायची आणि उठल्यावर अंग कुणी तुडवल्यासारखं दुखायचं. मावशीनं तिला कामाला जुंपलं. गच्चीवर गाद्या घेऊन जा, म्हणाली, ढेकूण आहेत, झोडपा; आणि तिनं गाद्या झोडपल्या, काठी तुटेपर्यंत, शिव्या देत, ज्या शिव्या तिला येतात हे तिला माहीत नव्हतं. मावशी टाकीच्या सावलीत बसून होती. मध्ये एकदा एवढंच म्हणाली, “ती गादी माझी आहे हो बाई, थोडी ठेवा.” ती हसली, आणि मग हसता हसता इतकी रडली की मावशीला उठून यावं लागलं. इस्पितळात तिनं स्वतः सांगून काही दिवस फोटो काढायचं काम थांबवलं, नोंदीच्या टेबलावर बसली. ज्या तरुण बाईचं मनगट तिनं पिरगाळलं होतं ती प्लास्टर बघायला आली, तेव्हा तिच्यासमोर उभी राहून ती म्हणाली, “त्या दिवशी मी तुम्हाला मुद्दाम दुखवलं.” बाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती एक पाऊल मागे सरकली, हात छातीशी घेऊन. ते सरकणं तिनं पाहून घेतलं, मान खाली घातली नाही.

सातव्या रविवारी दुपारी दार वाजलं. तो होता. प्लास्टर निघालं होतं, हात पांढराफटक, बारीक झालेला. चार मजले चढून आल्यामुळे धापा टाकत होता; आवारातली लिफ्ट बंद होती. “दोर घासतोय तिचा,” तो म्हणाला, “सांग त्यांना, चालवू नका म्हणावं.” ती बरं म्हणाली. त्याच्या खांद्यामागून जिन्याच्या खिडकीचा उजेड येत होता आणि तो वयस्क दिसत होता, कुणाच्याही वडिलांसारखा. “मी एकेक लिहून काढतोय,” तो म्हणाला, “तू सांगितलेलं. मंडळात वाचणार आहे. तुझी हरकत नसेल तर.” तिनं नजर जिन्याकडे वळवली. त्याला वाईट वाटलेलं तिला दिसत होतं, आणि ते वाईट वाटणं दूर करायला काय म्हणायचं ते तिला माहीत होतं, तोंडात तयार होतं.

“आत येऊ का जरा?” त्यानं विचारलं. “पाणी पिऊन जातो.”

तिचं अंग आवळलं. पाठ, मान, पोट, सगळं. एक हात दाराच्या कडेवर होता.

“आज नको,” ती म्हणाली.

तो म्हणाला, “बरं,” आणि वळला, आणि कठड्याला धरून हळूहळू उतरू लागला. तिनं दार लावलं. कडी घातली नाही. दाराला पाठ लावून ती उभी राहिली आणि वाट बघायला लागली. त्याला ती नको म्हणाली होती. तोंडावर, उभं राहून, स्वच्छ. आता जे व्हायचं ते होईल. पावलं तळाशी गेली, मग ऐकू येईनाशी झाली. आवारात कुणीतरी मोटार सुरू केली, बंद केली. मावशीच्या खोलीत नळ सुटला. बराच वेळ गेला आणि काहीच झालं नाही. मग ती दाराशीच खाली बसली, पाय लांब सोडून, आणि तिला जाणवलं की आपल्याला सपाटून भूक लागली आहे.